उंच माणसाने सायकलची सीट कुठे ठेवावी?

गावात मला माड म्हणतात. सहा फूट दोन इंच, म्हणजे १८८ सेंटिमीटर. गेल्या महिन्यात भाच्याला माउंटन बाइक घ्यायला रत्नागिरीत गेलो. तो सतरा वर्षांचा आहे आणि आत्ताच सहा फूट झालाय. दुकानदाराने त्याला सायकलवर बसवलं, सीट खाली केली आणि माझ्या लहानपणी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं, "बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत."

अजिबात नाही. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंशांत वाकलेला हवा. त्याहून जास्त वाकला तर मांडीच्या स्नायूंना नीट जोर लावता येत नाही आणि गुडघ्याची वाटी उगाच दाबली जाते. सीट किती उंच ठेवायची याचा एक जुना ठोकताळा आहे. अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमॉन्डमुळे तो लोकांना माहीत झाला. अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, जांघेपासून जमिनीपर्यंत पायाची आतली लांबी मोजायची आणि तिला ०.८८३ ने गुणायचं. उत्तर येतं ते दोन्ही पेडल ज्याभोवती फिरतात त्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. माझी लांबी ९१ सेंटिमीटर, म्हणून उत्तर ८०.४. आता तो आसच जमिनीपासून ३४ सेंटिमीटरवर असतो. फ्रेमची जी नळी सीटला धरते ती सीटची नळी मागे कललेली असते, ते धरूनही माझी बैठक जमिनीपासून ११२ सेंटिमीटरवर जाते आणि पाय आहे ९१ चा. म्हणजे नीट लावलेल्या सीटवर मी बसलो, की पाय जवळजवळ वीतभर अधांतरी. ते तसेच असायला हवेत.

हे झालं चढाचं आणि सपाटीचं. आमच्याकडे खरी गंमत उताराला असते. सड्यावरून वाडीत उतरणाऱ्या जांभ्याच्या पाखाड्या कुणी पाहिल्या असतील त्यांना कळेल. पायऱ्या धड एका मापाच्या नाहीत, कडेला शेवाळ, आणि खाली वळणावर कुणाचं तरी कुंपण.

उतारावर पुढचा ब्रेक दाबला की सायकल पुढच्या चाकावरून उलटायला बघते. किती दाबल्यावर उलटेल हे दोन अंतरांवर ठरतं. तुमचा नि सायकलचा मिळून गुरुत्वमध्य पुढच्या चाकाच्या टेकण्यापासून किती मागे आहे, आणि जमिनीपासून किती वर. मागचं अंतर जेवढं जास्त आणि वरचं जेवढं कमी, तेवढा ब्रेक जोरात दाबता येतो. उंच माणसाची पंचाईत इथेच होते, त्याचा गुरुत्वमध्य मुळातच वर. हिशेबासाठी सीट वर असताना ६५ सेंटिमीटर मागे आणि १२५ वर असं धरू. वीस अंशांच्या उतारावर सायकल उलटण्याआधी वेग कमी करायला गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम १५ टक्के जोर मिळतो. आता सीट वीसएक सेंटिमीटर खाली घ्या. कोपरं-गुडघे वाकवून अंग खाली-मागे नेलं की आकडे होतात ८० आणि १०५, आणि तोच जोर जातो ३७ टक्क्यांवर. ब्रेक तेच, टायर तेच, माणूसही तोच. मधली सीट तेवढी वाटेतून बाजूला झाली.

म्हणून ड्रॉपर पोस्ट, म्हणजे सीटखालचा वर-खाली सरकणारा खांब. हँडलवरचा खटका दाबून बसलं की सीट खाली जाते, उठून दाबला की वर येते. कल्पना जुनी आहे. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात हाइट-राइट नावाची एक स्प्रिंग मिळायची. चालत्या सायकलवर सीट आवळणारा क्लॅम्प सोडायचा, बसून सीट खाली दाबायची आणि पुन्हा आवळायचा. आजचा ड्रॉपर २०१० नंतर सर्रास दिसू लागला. २०२२ मध्ये स्लोव्हेनियाच्या मातेय मोहोरिचने तर इटलीतल्या रस्त्यावरच्या मिलान-सान रेमो शर्यतीत तो वापरला, पोज्जो टेकडीच्या उतारावर सगळ्यांना मागे टाकलं आणि शर्यत जिंकली.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहायचा होता ते. हा पोस्ट वर येतो कसा आणि मध्येच कुठेही अडून राहतो कसा? ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीचा खटका तुम्ही ओढला असेल, तिचा हा चुलतभाऊ. पण खुर्ची बसल्यावर किंचित लचकते, चांगला ड्रॉपर लचकत नाही.

बऱ्याच ड्रॉपरच्या पोटात एक बंद नळकांडं असतं. त्यात दट्ट्या आणि दट्ट्याला जोडलेला दांडा. दांडा एका टोकातून बाहेर येतो. दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना तेल, आणि दट्ट्यात एक बारीक झडप. दांड्याच्या बाजूच्या तेलापलीकडे दाबलेला नायट्रोजन असतो. तेल आणि वायू एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये आणखी एक दट्ट्या. तो कशालाच जोडलेला नसतो, नुसता तरंगतो.

झडप उघडली की दोन्हीकडे दाब सारखाच. मग दट्ट्या हलेल कशाला? इथे मी कॉलेजात असताना अडलो होतो. दाब सारखा असला तरी क्षेत्रफळ सारखं नसतं. एका बाजूला दट्ट्याचं पूर्ण तोंड तेलाला लागतं. दुसऱ्या बाजूला मधली जागा दांड्याने खाल्लेली असते. बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ, म्हणून दांड्याच्या जाडीएवढं बल शिल्लक उरतं आणि ते दांड्याला बाहेर ढकलतं. समजा दांडा ८ मिलिमीटरचा, म्हणजे छेद ५० चौरस मिलिमीटर. आत २० बार दाब, मोटारीच्या टायरच्या साधारण दहापट. बल येतं १०० न्यूटन, दहा किलोच्या वजनाएवढं. सीट वर आणायला पुरेसं, आणि तुम्ही बसलात की सहज हरणारं.

झडप बंद केली की तेलाला जायला वाट नाही. तेल दाबलं जातच नाही असं शाळेत शिकवतात, ते जवळजवळ खरं आहे. हिशेब करून पाहू. माझं ८० किलो वजन २० मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर पडलं तर दाब २५ बारने वाढतो. एवढ्याने तेल आकसतं हजारात दीड-दोन भाग. पोस्ट पूर्ण वर असताना खाली २०० मिलिमीटर उंचीचा तेलाचा खांब आहे असं धरलं, तर सीट दबते मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाने. बुडाला काय कळणार! पण याच खांबात पाच टक्के वायू शिरला तर? दाब २० बारवरून ४५ वर गेला की तो वायू निम्म्याहून कमी जागेत मावतो आणि सीट पाच-सहा मिलिमीटर खचते. ते मात्र प्रत्येक पेडलला कळतं.

मला कळलं. पावसाळ्यात सायकल पडवीत वाशाला टांगायची माझी सवय, आणि टांगायची ती सीटच्या नाकाला दोरी बांधून. त्यातही पोस्ट खाली दाबलेला. चौदा किलोंची सायकल सीटला लोंबकळत होती, म्हणजे दांडा बाहेर ओढला जात होता आणि झडप बंद. दट्ट्याच्या पूर्ण तोंडाकडच्या तेलाचा दाब त्यामुळे उतरला, वायूच्या बाजूचा चढला, आणि नायट्रोजन सीलमधून थोडाथोडा तेलात शिरला. गणपतीत सायकल काढली तर सीट स्पंजासारखी. खाली केलेल्या सीटला धरून सायकल उचलू नका, असं बरेच उत्पादक माहितीपत्रकात छापतात. मी ते वाचलं होतं. आता सायकल चाकाला टांगतो.

नळकांडं पुरे. उंच माणसाने किती लांब पोस्ट घ्यावा? खाली सरकण्याचं अंतर साधारण १०० पासून २४० मिलिमीटरपर्यंत मिळतं. उंच माणसाने सगळ्यात मोठा उचलावा, हा पहिला मोह. मी तो आवरला, कारण गणित. माझ्या सायकलची सीटची नळी ४७ सेंटिमीटर. ८०.४ मधून ४७ गेले, उरले ३३.४. त्यातले ५ खुद्द सीटचे. पोस्ट पूर्ण खाली असतानाही त्याची कॉलर (बाहेरच्या भागाच्या तोंडावरचं कडं) आणि माथा मिळून साडेपाच बाहेर राहतात. उरले २२.९. म्हणजे २४० चा बसतच नाही, बसवला तर पाय पेडलला पुरणार नाहीत. २१० चा बसतो.

बसतो असं वरून दिसतं. २१० चा माझा पोस्ट टोकापासून टोकापर्यंत ५५ सेंटिमीटरचा आहे. त्यातला साडेसव्वीस भाग नळीत उतरायला हवा, आणि वर केबलला वळायला जागा. काही फ्रेमची नळी मध्येच वाकते, काहींत सांध्याचा बोल्ट आडवा येतो. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "जाईल हो." मी खराट्याचा एक हीर काढला, नळीत सरळ सोडला, अडला तिथे नखाने खूण केली. एकतीस सेंटिमीटर. मग पैसे दिले.

उंच माणसाला आणखी एका गोष्टीचा भुर्दंड पडतो. सीट जेवढी कॉलरपासून लांब, तेवढी तरफ लांब, आणि पोस्टच्या आतल्या बुशवर, म्हणजे सरकत्या भागाला धरणाऱ्या कड्यांवर, तेवढा ताण. म्हणून फ्रेम परवानगी देईल तेवढा जाड पोस्ट घ्यावा. ३०.९, ३१.६ आणि ३४.९ मिलिमीटर ही नेहमीची मापं. नळीचा पत्रा तेवढाच ठेवून ३०.९ वरून ३४.९ वर गेलं तर ताठपणा सुमारे पंचेचाळीस टक्क्यांनी वाढतो. रुंद नळीत बारीक पोस्ट शिम (मधली फट भरणारी पातळ नळी) घालून बसवता येतो, उलटं मात्र जमत नाही. बिनतारी बटणाच्या महागड्या ड्रॉपरचं लोकांना फार कौतुक आहे. बुश खुळखुळायला लागले की बटण तारेचं होतं की बिनतारी, याने काही फरक पडत नाही.

हे सगळं भाच्याला समजावत होतो तेव्हा माझी बहीण मध्येच म्हणाली, "सीट उंच ठेवून चालवतो म्हणूनच तो वाढतोय." असल्या जाहिराती मीही पाहिल्यात, सायकल चालवा, उंची वाढवा. हाडं लांब होतात ती टोकाजवळच्या वाढीच्या कूर्चांमुळे. वयात येण्याचा काळ संपत आला की त्या कूर्चांचं हाड होतं आणि लांबी थांबते. पाय ताणल्याने त्या कूर्चा काही ऐकत नाहीत. पोरगा मामावर गेलाय, एवढंच.

कोकणातल्या हवेसाठी दोन गोष्टी. खारा वारा केबलला आधी खातो, म्हणून आतली तार स्टेनलेसची घ्या आणि पावसाळ्यानंतर आवरणासकट बदला. आणि पोस्ट वर्षातून दोनदा नळीतून पूर्ण बाहेर काढा, नाहीतर मीठ-पाण्याने ॲल्युमिनियम फुलतं आणि पोस्ट फ्रेमचाच भाग होऊन बसतो. लाल चिखल पुसायचा तो ओल्या फडक्याने. सीलवर पाण्याचा फवारा मारू नका.

भाच्याचा ड्रॉपर बसवून आठवडा झाला नाही तोच तक्रार आली, सीट वर यायला मिनिट लावते. जवळच्या दुकानात नेला तर "काडतूस गेलं, नवीन घ्या". काडतूस म्हणजे पोटातलं ते बंद नळकांडं. मी क्लॅम्पचा बोल्ट बघितला. सीट घसरू नये म्हणून भाच्याने तो अंगचा जोर लावून आवळला होता. साधारण ५ न्यूटन-मीटर पुरतात, त्याहून आवळलं की बाहेरची नळी चिमटते आणि आतला पोस्ट तिला घासत वर येतो. ॲलन की लावून अर्धा फेरा सैल केला, खटका दाबला. टक करून सीट वर आली.