हुकूमनाम्याची रक्कम फेडली, तरी सिबिलवर ‘सूट फाइल्ड’? अर्ज असा करा

कर्जाच्या दाव्यात कोर्टाचा हुकूमनामा (पैसे भरण्याचा निकाल) झाला, पैसेही फेडले. पण वर्षभराने घरकर्जाला गेलात की बँक सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जफेडीचा अहवाल, उघडते आणि जुन्या खात्यापुढे ‘सूट फाइल्ड’ (दावा दाखल) किंवा ‘रिटन ऑफ’ (बँकेने बुडीत धरलेले कर्ज) तसेच दिसते. कारण साधे आहे. ही नोंद कोर्ट करत नाही, कर्ज देणारी बँक कळवते. तिने बदल कळवला नाही, तर जुनीच नोंद राहते.

आधी कोर्टाचे काम पुरे करा. रक्कम कोर्टात जमा केली असेल तर प्रश्न नाही. थेट बँकेत भरली असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 2 प्रमाणे ती कोर्टाच्या दप्तरी नोंदवावी लागते. ही नोंद नसेल, तर दरखास्त (हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज) चालवणारे कोर्ट ती फेड धरतच नाही. लोक नेमके इथेच गाफील राहतात. ऋणकोने, म्हणजे पैसे देणे असलेल्याने, स्वतः अर्ज करायचा तर मुदत फक्त 30 दिवसांची, आणि सोबत भरण्याचा लेखी पुरावा हवा. मुदत टळली असेल तर बँकेच्या वकिलाकडून ‘रक्कम पूर्ण वसूल’ अशी पुरसीस (कोर्टाला दिलेले लेखी निवेदन) दाखल करून घ्या. त्यावरच्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल काढून ठेवा.

मग नोंद दुरुस्ती. कर्जदार, सहकर्जदार आणि जामीनदार, ज्याच्या रिपोर्टवर चूक आहे त्याने अर्ज करायचा. जामीनदारांनी आपला रिपोर्ट जरूर पाहावा. त्यांना बहुधा कोणी काही कळवत नाही. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. चूक जिथे दिसेल त्या कंपनीच्या संकेतस्थळावर ‘डिस्प्युट’ नोंदवा आणि तोच अर्ज बँकेच्या शाखेत देऊन पोच घ्या. सोबत बेबाकी दाखला (काही देणे बाकी नसल्याचे पत्र), भरणा पावत्या किंवा खातेउतारा, कोर्टाची नक्कल, पॅन आणि रिपोर्टचे ते पान जोडा. एजंटला पैसे देण्याची गरज नाही, अर्जाला फीच नाही.

दुरुस्तीला 30 दिवस मिळतात. त्यातले 21 बँकेचे. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार करा.

एक गोष्ट मात्र अर्जाने होत नाही. लोक अदालतीत रक्कम कमी करून तडजोड केली असेल, तर ‘सेटल्ड’ (कमी रकमेत मिटवले) ही नोंद चूक नाही, खरीच आहे. ती ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद) करायची तर सोडलेली रक्कम भरण्याबद्दल बँकेशी बोलावे लागेल, आणि भरण्याआधी तसे लेखी घ्यावे लागेल. थकलेल्या हप्त्यांचा इतिहासही पुसला जात नाही.

सहकारी पतसंस्थेने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 चा वसुली दाखला घेतला असेल, तर सातबाराही तपासा. त्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा (कर्जाची नोंद) असेल तर संस्थेचा बेबाकी दाखला जोडून तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्या. सिबिल दुरुस्त झाले म्हणून तो आपोआप उतरत नाही.