रस्ता आणि ट्रॅक, एकच गाडी: सस्पेन्शन बदलण्याआधी वाचा

सस्पेन्शनची चौकशी करायला येणारे बहुतेक जण आधी विचारतात, "गाडी किती खाली बसेल?" आम्ही विचारतो, गाडी शर्यतीच्या ट्रॅकपर्यंत जाते कशी? ट्रेलरवरून जात असेल तर हे पत्रक तुमच्यासाठी नाही, थेट येऊन बोला. पण पुण्याहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला स्वतःच्या चाकांवर जात असाल, तर ३.७ किमीच्या त्या ट्रॅकवर वीस-वीस मिनिटांची सत्रं मारण्यासाठी एका बाजूने जवळपास बाराशे किलोमीटर महामार्ग तुडवावा लागतो. वाटेत टोलनाक्याआधीच्या पट्ट्या, वळणरस्ते, गावातले गतिरोधक हे सगळं त्याच स्प्रिंगवर आणि त्याच शॉकअपवर जातं. गतिरोधकाबद्दल इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे: ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच, गोलसर माथा. तुमच्या सोसायटीच्या गेटपाशी आहे तो या मानकाच्या ओळखीचा नसतो.

आधी हे करा, मग सस्पेन्शन

जो अजून एकदाही ट्रॅकवर गेला नाही त्याला आम्ही सस्पेन्शन विकत नाही. आधी चांगले टायर, ताजं ब्रेक ऑइल, ट्रॅकला चालणारे ब्रेक पॅड आणि नीट अलाइनमेंट एवढंच करून जा. डॉट ४ प्रतीचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंश आहे. दोन पावसाळे काढलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर उतरलात तर पेडल जमिनीला टेकेल, आणि तेव्हा कुठल्याही कंपनीचे शॉकअप कामाला येणार नाहीत. शिवाय मूळ सस्पेन्शनवर गाडी नेमकी कुठे कमी पडते ते तुम्हाला कळलेलं असलं, तर काय निवडायचं ते आम्हालाही सांगता येतं.

स्प्रिंगवरचा आकडा चाकावर तसाच पोचत नाही

स्प्रिंगचा कडकपणा किलो प्रति मिमीमध्ये सांगतात: ६ किलोची स्प्रिंग म्हणजे १ मिमी दाबायला ६ किलो भार. पण स्प्रिंग चाकापासून जितकी आत बसते तितकी तिची ताकद चाकापाशी कमी पोचते, आणि ती वर्गाच्या हिशेबाने कमी होते. बीएमडब्ल्यू एम२ किंवा ऑक्टाव्हिया आरएसच्या मागे स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी, चाकाला गाडीशी जोडणाऱ्या आर्मवर बरीच आत असते. चाक १० मिमी हललं की ती ६ मिमी दबते असं धरलं, तर १२ किलोच्या स्प्रिंगचे चाकापाशी फक्त ४.३ किलो उरतात. पुढच्या स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबात) हे प्रमाण ०.९५ धरलं तर ५ किलोची स्प्रिंग चाकापाशी ४.५ भरते. म्हणजे "पुढे ५, मागे १२" हा सेट ऐकायला विचित्र असला तरी प्रत्यक्षात जवळपास समतोल आहे. पोर्शे केमनला चारही कोपऱ्यांत स्ट्रट असल्यामुळे तिचे आकडे वाचायला सोपे. मित्राच्या गाडीतले आकडे आपल्या गाडीला लावू नका, एवढंच आमचं मागणं.

खरी तुलना वारंवारितेची. एका कोपऱ्यावर ३५० किलो वजन असेल आणि चाकापाशी ३ किलो प्रति मिमी कडकपणा असेल, तर गाडी सेकंदाला साधारण १.५ वेळा वर-खाली होते. ही स्पोर्टी पण सुसह्य गाडी. ६ किलो केलं की २.१. ट्रॅकवर मजा येते, खड्ड्यात पाठ बोलते. १० किलोला हाच आकडा २.७ च्या आसपास जातो, आणि आपल्या रस्त्यांवर तेवढी कडक गाडी रस्ता सोडून उडायला लागते. टायर हवेत असला की पकड शून्य, हे ट्रॅकच्या कर्बवरही, म्हणजे कडेच्या उंच पट्टीवरही, तितकंच खरं. रस्ता आणि ट्रॅक दोन्ही करणाऱ्यांना आम्ही २ च्या आतच ठेवतो. चिकट सेमी-स्लिक (जवळपास नक्षी नसलेले) टायर घालणार असाल तरच थोडं वर जाऊ.

किती खाली?

मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत खालच्या आर्मचं बाहेरचं टोक मुळात थोडं खाली झुकलेलं असतं. गाडी खाली केली की आर्म आडवा होतो, आणखी केली की ते टोक उलटं वर चढतं. मग रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा झपाट्याने खाली घसरतं, दोघांतलं अंतर वाढतं आणि गाडी वळणात अधिक कलायला बघते. शिवाय आर्म आडव्याच्या पलीकडे गेला की चाक दबताना कॅम्बर (चाकाच्या वरच्या टोकाचा आत झुकाव, तो उणे अंशात मोजतात) मिळण्याऐवजी हरवतो, नेमका हवा असतो तेव्हा. स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कोनही बिघडतो आणि खड्ड्यावरून जाताना गाडी आपोआप इकडेतिकडे वळू लागते.

त्यात बंप स्टॉपची, म्हणजे शॉकअप पूर्ण दबू न देणाऱ्या रबराची, भर. ४० मिमी खाली घेतलेल्या गाडीत शॉकअपला दबायला तेवढीच जागा कमी उरते. वळणात बाहेरचं पुढचं चाक रबरावर टेकलं की तिथला कडकपणा एका क्षणात कितीतरी पट होतो आणि पुढचा भाग वळणाबाहेर सरकतो. गिऱ्हाईक म्हणतं टायर खराब आहेत. टायर चांगलेच असतात. स्पोर्ट्स गाडी मुळातच बसकी असते, म्हणून आम्ही मूळ उंचीपेक्षा १५ ते २५ मिमीच्या खाली सहसा जात नाही. स्प्रिंग कापून द्या म्हणणाऱ्यांना नम्रपणे नकार मिळेल.

शॉकअप: पैसे इथे घाला

स्प्रिंग गाडी धरते, शॉकअप तिला आवरतं. मूळ शॉकअपवर नुसत्या बसक्या स्प्रिंगा घालणं सगळ्यात स्वस्त, आणि आमच्या मते सगळ्यात वाईट. त्यापेक्षा जुळवलेली जोडी बरी. बिल्स्टाईनचा बी१२ संच म्हणजे आयबाखच्या स्प्रिंगा आणि त्यांच्यासाठी आखूड केलेले बी८ शॉकअप. उंची बदलता येत नाही, म्हणून बिघडवताही येत नाही. उंची मूळचीच ठेवायची असेल तर बी६. आमच्या दहातल्या सात ग्राहकांनी इथेच थांबावं असं आम्हाला वाटतं. दुकानदाराने असं म्हणू नये, पण म्हणतो.

पुढची पायरी कॉइलओव्हरची, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या संचाची. केडब्ल्यूच्या व्हेरिएंट १ मध्ये फक्त उंची बदलते, २ मध्ये रिबाउंडही (शॉकअप परत लांबतानाचा अवरोध) आणि ३ मध्ये रिबाउंड व कंप्रेशन (दबतानाचा अवरोध) वेगवेगळं. स्वतः लॅप टाइम लिहून ठेवणाऱ्यालाच ३ चा उपयोग. बाकीच्यांच्या गाडीत जुळवणीचे खटके एकदा फिरतात आणि मग गंजतात. ओलिन्सचा रोड अँड ट्रॅक संच आम्हाला विशेष आवडतो, कारण त्याचा दुहेरी झडपेचा पिस्टन खड्ड्याचा अचानक धक्का पटकन सोडून देतो. अनेक स्वस्त संचांत उंची, कडकपणा, कॅम्बर सगळं बदलता येतं. पण बत्तीस खटके असले आणि त्यांतल्या वीसमध्ये काहीच फरक पडत नसला, तर ते खटके फक्त मोजायला असतात.

प्रीलोडबद्दल (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवण्याबद्दल) एक गैरसमज पक्का आहे. सरळ (दाबली तरी कडकपणा तोच राहणाऱ्या) स्प्रिंगची चकती वर फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी उंच होते. कडक हवी तर दुसरी स्प्रिंगच घ्यावी लागते. मूळ गाडीत इलेक्ट्रॉनिक शॉकअप असतील तर ते काढल्यावर डॅशबोर्डवर दिवा लागतो, त्यासाठी वेगळं मॉड्यूल आधीच मागवावं लागतं.

अँटी-रोल बार आणि कॅम्बर

अँटी-रोल बार म्हणजे डावं-उजवं चाक जोडून गाडीचं कलणं रोखणारी दांडी. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २२ मिमीचा काढून २४ चा बसवला की तो सुमारे ४२ टक्के कडक झाला. सरळ रस्त्यावर आराम फारसा न गमावता कलणं कमी करायचा हा चांगला मार्ग आहे. फक्त एकाच बाजूला खड्डा आला की गाडी डोलते.

कॅम्बर रस्त्यासाठी पुढे उणे १.५ अंशापर्यंत, ट्रॅकसाठी उणे २.५ ते ३. त्यासाठी वर कॅम्बर प्लेट लागते. धातूच्या गोलाकार बेअरिंगची प्लेट अचूक असते, पण पावसाळ्यात खडखडते. रोजच्या गाडीला रबराचीच घ्या.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. बदल करायचा की नाही हा निर्णय तुमचा, पण तो हे माहीत असून घ्या. मूळ सेट आम्ही खोक्यात भरून परत देतो. तो विकू नका. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार विम्यात शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात, तेव्हा ट्रॅकवरचं नुकसान तुमच्याच खिशातून.

बसवताना आणि नंतर

आर्मच्या बुशचे (रबरी सांध्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच कसतो. लटकत्या चाकावर कसले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चारही चाकांखालच्या काट्यांवर वजन घेताना तुम्ही स्वतः सीटवर बसायचं, टाकी अर्धी. तिरप्या जोडीचं (पुढचं एका बाजूचं आणि मागचं दुसऱ्या बाजूचं चाक) वजन पन्नास टक्क्यांच्या जवळ आणतो, मगच अलाइनमेंट. हेडलाइटचा उंची-सेन्सर त्याच दिवशी जुळवून घेतो.

पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत आणा. स्प्रिंगा थोड्या बसलेल्या असतात, उंची आणि बोल्ट पुन्हा तपासतो. त्याचे पैसे घेत नाही. मुंबई, अलिबाग, गोव्याकडच्या गाड्यांचे आटे खाऱ्या हवेने धरतात, त्यांनी शक्यतो स्टेनलेस बॉडीचा सेट घ्यावा आणि पावसाळा संपला की आटे ब्रशने धुऊन घ्यायला यावं. धरलेली चकती पान्याने ठोकून सोडवायला घरी जाऊ नका, तशीच घेऊन या.