एचडीआर: आधी जमवणं, मग आटवणं

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे तिथल्या जुन्या जैन मंदिरात, भर दुपारी उभं राहून बघा. बाहेर ऊन असं की अंगणाकडे बघवत नाही. आत काळ्या दगडाचे गुळगुळीत खांब, छतातून खाली उतरलेलं दगडी कमळ आणि गाभाऱ्यात नेमिनाथ. १२०४ साली रट्टांच्या अमदानीत बांधलेल्या या बस्तीत डोळ्यांचं काही अडत नाही. क्षणभर थांबले की कोपऱ्यातली नक्षीही दिसायला लागते. कॅमेऱ्याला तसं जमत नाही. कमळ नीट आलं की दार पांढरंफटक, दार नीट आलं की खांबांचा कोळसा.

आमच्याकडे खानापूर, निपाणी, चिकोडीकडची पोरं नवा कॅमेरा घेतात आणि महिन्याभरात विचारतात, "एचडीआरसाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" प्रश्न रास्त आहे. एचडीआर म्हणजे हाय डायनॅमिक रेंज, लखलखीत उजेड आणि गडद सावली एकाच फोटोत आणणं. पण त्या तीन-चार अक्षरांत दोन निराळी कामं कोंबलेली आहेत. एक, उन्हातली नि अंधारातली सगळी माहिती जमवणं. दुसरं, ती कागदावर किंवा स्क्रीनवर मावेल इतकी आटवणं. कुंद्याला दूध आणणं वेगळं आणि ते कढईत आटवणं वेगळं, तसंच हे. ही दोन कामं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी सोडवली. सॉफ्टवेअरमधली बटणं गोंधळात टाकतात ती बहुतेक यामुळेच.

हिशेब साधा आहे. उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप. दहा स्टॉप म्हणजे १,०२४ पट, चौदा म्हणजे १६,३८४ पट. आजच्या कॅमेऱ्यातल्या चांगल्या सेन्सरला (प्रकाश टिपणाऱ्या चिपला) बारा ते चौदा स्टॉप पेलतात. चकचकीत कागदावरच्या प्रिंटला त्याच्या निम्म्याच्या आसपास. बस्तीचा कोपरा आणि दाराबाहेरचं ऊन यांतलं अंतर सेन्सरच्याही पलीकडे जाऊ शकतं, कागदाची तर बातच सोडा.

हे भांडण फोटोग्राफीइतकंच जुनं. १८५० च्या दशकातल्या कोलोडियन काचा (फोटो टिपायला रसायन लावलेल्या) निळ्या प्रकाशाला फार हळव्या होत्या. समुद्र यावा इतका वेळ काच उघडी ठेवली की आभाळ कोरं. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास काही समुद्रदृश्यांसाठी दोन निगेटिव्ह वापरल्या, एक आभाळाची, एक पाण्याची, आणि क्षितिजावर सांधा लपवून एकच प्रिंट काढली. आज 'मर्ज' म्हणतात त्याचं हे हातकामातलं रूप.

पुढे अन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन फोटोग्राफरांनी १९३९-४० च्या सुमारास झोन सिस्टिम बसवली: गडद काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या, आणि दृश्यातला कुठला भाग कुठल्या पायरीवर बसवायचा हे आधीच ठरवायचं. उरलेलं डार्करूममध्ये. एन्लार्जरखाली (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढणाऱ्या यंत्राखाली) तारेच्या टोकाला काळ्या कागदाची टिकली लावून चेहऱ्यावर धरली की तेवढा भाग उजळ राहायचा, हाताच्या ओंजळीतून प्रकाश सोडला की आभाळ गडद व्हायचं. डॉजिंग आणि बर्निंग ते हेच. जुन्या स्टुडिओवाल्यांचे हात ही कामं न बघता करायचे. जमवण्याच्या बाजूला चार्ल्स वायकॉफ यांनी अणुस्फोट टिपण्यासाठी तीन थरांची फिल्म तयार केली. प्रत्येक थराची संवेदनशीलता वेगळी, त्यामुळे स्फोटाचा लखलखाट आणि भोवतीचा अंधार एकाच फिल्मवर.

संगणकावर हा विषय आला तो फोटोवाल्यांमुळे नव्हे. ग्रेग वॉर्ड १९८५ पासून बर्कलेच्या प्रयोगशाळेत 'रेडियन्स' लिहीत होते. इमारतीत उजेड कसा पडेल याचं गणित करणारा तो प्रोग्रॅम. त्यासाठी त्यांनी लाल-हिरव्या-निळ्याला एकेक बाइट आणि तिघांना मिळून घातांकाचा चौथा बाइट अशी फाइल केली. एरवीच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या; इथे सूर्य आणि सावली एकाच फाइलीत सुखानं नांदतात. १९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक (आयआयटी कानपूरचे) यांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या (कमी-जास्त उजेड आत घेतलेल्या) साध्या फोटोंवरून कॅमेऱ्याचा प्रतिसाद उलगडून खरा उजेड परत काढण्याची रीत मांडली. स्टीव्ह मान आणि रोझलिंड पिकार्ड त्याच वाटेनं थोडे आधी गेले होते. जमवण्याचा प्रश्न इथे जवळजवळ सुटला.

आटवण्याचा राहिला. २००२ च्या सिग्राफ या संगणक-चित्रांच्या परिषदेत त्यावर एकदम तीन निबंध आले. त्यांतला एरिक राइनहार्ड आणि सहकाऱ्यांचा मला सगळ्यांत आवडतो, कारण त्यांनी ॲडम्सची झोन सिस्टिम आणि डॉजिंग-बर्निंग समोर ठेवूनच सूत्र बांधलं. ती तारेवरची टिकली गणितात गेली! या आटवण्याला म्हणतात टोन मॅपिंग. २००३ मध्ये फोटोमॅटिक्स हे सॉफ्टवेअर आलं, २००५ मध्ये फोटोशॉप सीएस२ मध्ये 'मर्ज टू एचडीआर'. मग जी लाट आली ती आठवली की अजून कसंतरी होतं.

त्या लाटेत मीही होतो. राजहंसगडाचा एक फोटो केला, सगळे स्लायडर उजव्या टोकाला. आभाळ शाईचं, बुरूज भाजल्यासारखा, आणि तटाच्या कडेनं पांढरी झालर. डार्करूममध्ये आयुष्य काढलेल्या एका काकांना मोठ्या कौतुकानं दाखवला. चष्मा वर करून म्हणाले, "गडाच्या मागं ट्यूबलाइट लावलास काय रे?"

ती झालर म्हणजे हेलो. प्रत्येक ठिपका आसपासच्या भागाशी ताडून उजळ-गडद करणाऱ्या पद्धतीत आसपासचा घेर चुकला की कडेला ती उमटते. दोष आटवण्याचा होता, जमवलेल्या माहितीचा नव्हे. पण बदनाम झाला एचडीआर हा शब्दच. २००७ मध्ये टॉम मर्टेन्स आणि सहकाऱ्यांनी 'एक्स्पोजर फ्यूजन' आणलं. त्यात उजेडाची मोठी फाइल बनवतच नाहीत, प्रत्येक फोटोतला नीट आलेला भाग घेऊन थेट मिसळतात. फुकटचं एन्फ्यूज त्यावरच चालतं, आणि नवख्यानं तिथून सुरुवात केली तर तट तरी चमकणार नाही. लाइटरूमनं २०१५ मध्ये मर्ज दिलं तेव्हा दोन्ही कामं वेगळी ठेवली: आधी तीन रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइली) मिळून एक डीएनजी (तीही कच्चीच फाइल), मग नेहमीचे हायलाइट-शॅडोचे स्लायडर. शिकायला हे सगळ्यांत सरळ.

तीन फ्रेमची अडचण हलणाऱ्या माणसांची. कमल बस्तीत खांब जागचे हलत नाहीत. (पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉडला परवानगी लागते, नसेल तर कॅमेरा पायरीवर टेकवायचा, छिद्र आणि आयएसओ कायम ठेवून फक्त शटर बदलायचं, दोन-दोन स्टॉपच्या अंतरानं.) शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत मात्र लेझीम खेळणाऱ्याला सहा हात येतात. सॉफ्टवेअरमधलं 'डीघोस्ट' ते खोडायचा प्रयत्न करतं, कधी जमतं कधी नाही. फोनवाल्यांनी वाट बदलली. आयफोनवर २०१० मध्ये एचडीआर आलं ते वेगवेगळ्या एक्स्पोजरचं. गूगलनं २०१३ मध्ये नेक्सस ५ वर आणलेल्या एचडीआर प्लसनं मात्र सगळ्या फ्रेम एकाच, कमी एक्स्पोजरच्या घेतल्या, भराभर. त्या एकावर एक बसवून सावलीतली खरखर पुसली आणि मग सावली वर उचलली. फोन आता हे न विचारता करतो.

अलीकडे त्याच शब्दाला तिसरा अर्थ चिकटलाय. २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून अल्ट्रा एचडीआर फोटोत साध्या चित्राच्या जोडीला उजेडाचा एक नकाशा असतो. तो वाचणाऱ्या स्क्रीनवर दिव्यांच्या माळा खरंच लखलखतात, आटवायचं काम कमी होतं. गल्लीच्या तोंडाशी लागणाऱ्या मंडळाच्या फ्लेक्सवर त्यातलं काही उतरत नाही. तिथे अजून कढई चढवावीच लागते.