ट्रूनॅस आणि ओपनमीडियाव्हॉल्ट: एका घरातली भाऊबंदकी

घरी पहिला स्टोरेज सर्व्हर बांधायला घेतला की ट्रूनॅस, ओपनमीडियाव्हॉल्ट आणि अनरेड ही तीन ऑपरेटिंग सिस्टिमची नावं पुढे येतात. त्यातली पहिली दोन मुळात एकाच घरातली.

2005 मध्ये ओलिव्हिए कोशार-लाबे यांनी मोनोवॉल या फायरवॉलच्या सांगाड्यावर फ्रीनॅस उभं केलं, तेच आजचं ट्रूनॅस. पाया फ्रीबीएसडी या युनिक्सछाप ऑपरेटिंग सिस्टिमचा, आकार इतका आटोपशीर की पेनड्राइव्हवरून चालायचं. ‘ओएस पेनड्राइव्हवर टाका’ हा सल्ला त्या काळातला. आजचं ट्रूनॅस बूट डिस्कवर सतत लिहितं, त्यात पेनड्राइव्ह मरतो. छोटी एसएसडी घ्या, पण छोटीच. ट्रूनॅस बूटची अख्खी डिस्क स्वतःकडे ठेवतं. 500 जीबीची दिलीत तर उरलेली जागा तुमच्या कामाची नाही.

2009 मध्ये फ्रीनॅसचा कोड नव्याने लिहायची वेळ आली. त्यावर काम करणाऱ्या फोल्कर थाइले यांना तो डेबियन या लिनक्सवर हवा होता. पण सन कंपनीची झेडएफएस ही फाइल सिस्टिम (डिस्कवर डेटा मांडायची पद्धत) फ्रीबीएसडीत आलेली होती, आणि तिचं लायसन्स लिनक्स कर्नलच्या लायसन्सशी जुळत नव्हतं. डेबियनवर जायचं म्हणजे झेडएफएसवर पाणी सोडायचं. आयएक्ससिस्टिम्स या कंपनीने फ्रीनॅस हाती घेऊन फ्रीबीएसडीवरच ठेवलं. थाइले यांनी वेगळी चूल मांडली, ती 2011 चं ओपनमीडियाव्हॉल्ट. गंमत पुढे आहे. 2020 च्या अखेरीस ओपनझेडएफएस (झेडएफएसचं मुक्त रूप) 2.0 मध्ये लिनक्स आणि फ्रीबीएसडीचा कोड एक झाला, आणि 2022 मध्ये ट्रूनॅस स्केल आलं ते डेबियनवर! फ्रीबीएसडीवरची ट्रूनॅसची जुनी आवृत्ती, कोअर, आता देखभालीपुरती उरलीय.

म्हणजे पाया दोघांचा एकच झाला. फरक उरला तो डिस्क हाताळण्यात. समजा सिडकोतल्या घरात 4, 4 आणि 2 टीबीच्या तीन जुन्या डिस्क पडल्यात. ट्रूनॅसच्या रेडझेड-1 मध्ये (एक डिस्क मेली तरी डेटा वाचवणारी झेडएफएसची मांडणी) प्रत्येक डिस्क सर्वांत लहान डिस्कएवढीच धरली जाते, त्यामुळे हाती 4 टीबी लागतात. ओपनमीडियाव्हॉल्टवर मर्जरएफएस (डिस्क एकत्र दाखवणारं) आणि स्नॅपरेड (त्यांना संरक्षण देणारं) लावून 4 टीबीची एक डिस्क पॅरिटीला, म्हणजे मेलेल्या डिस्कचा डेटा परत मिळवायच्या हिशेबाला, दिली की 6 टीबी मिळतात. मात्र स्नॅपरेडची पॅरिटी तुम्ही सिंक चालवाल तेव्हाच ताजी होते; दुपारी टाकलेली फाइल रात्रीच्या सिंकपर्यंत उघडी. सिनेमांना हे चालतं, रोज बदलणाऱ्या फाइलींना नाही. शिवाय ट्रूनॅसला किमान 8 जीबी रॅम लागते, ओपनमीडियाव्हॉल्ट त्याहून बरंच कमी घेऊन चालतं.

सारख्या डिस्क नव्याने घेणार असाल तर ट्रूनॅसच. रेडझेडमध्ये नंतर एकेक डिस्क जोडता येत नाही, ही तक्रार जानेवारी 2025 च्या ओपनझेडएफएस 2.3 ने संपवली. अनरेडही 2005 पासूनचं. वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क त्यालाही चालतात, पण ते विकत घ्यावं लागतं आणि लायसन्स वर्षानुवर्षं पेनड्राइव्हशी बांधलेलं असायचं.

नाशिकच्या पावसात वीज गेली तर घरचा इन्व्हर्टर ‘नॉर्मल’ मोडवर असताना लाइन बदलायला वेळ घेतो आणि सर्व्हर रीस्टार्ट होतो. तो ‘यूपीएस’ मोडवर ठेवा, नाहीतर यूएसबी केबलवाला यूपीएस वेगळा घ्या. केबल लागली की बॅटरी संपायच्या आत सर्व्हर आपणहून बंद होतो. ट्रूनॅसमध्ये ही सोय आधीच असते, ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये नट नावाचा प्लगइन टाकावा लागतो.