मोंतेरिज्जोनी

मोंतेरिज्जोनी : इटलीच्या टस्कनी विभागातील तटबंदीचे मध्ययुगीन गाव. सिएनाच्या वायव्येस सु. १५ किमी.वर एका बुटक्या टेकडीच्या माथ्यावर ते वसले आहे. प्रतिस्पर्धी फ्लॉरेन्सच्या बाजूने येणाऱ्या वाटेवर नजर ठेवण्यासाठी सिएना प्रजासत्ताकाने ते नव्याने वसवले. बांधकामाचा काळ साधारणतः १२१३ ते १२१९ असा धरतात. नावाची फोड ‘राजाची टेकडी’ अशी करून येथे आधी लाँबर्ड (पूर्वमध्ययुगात इटलीवर राज्य करणारे जर्मानिक लोक) राजांची जमीन होती, असेही सुचविले जाते. पण हा तर्क मुख्यतः शब्दसाम्यावर उभा आहे. तटाची गोलाई मुद्दाम आखलेली नसून टेकडीच्या उतारामुळे आपोआप आली असावी, हे मत अधिक पटते.

तटाचा घेर सु. ५७० मी. असून त्यात चौदा चौकोनी बुरूज व दोन वेशी आहेत : एक रोमकडची, दुसरी फ्लॉरेन्सकडची.

बुरुजांच्या मूळ उंचीचा प्रश्न वादाचा आहे. इटालियन कवी दान्तेने (१२६५–१३२१) आपल्या ‘इन्फेर्नो’ (नरक) या काव्याच्या एकतिसाव्या सर्गात नरकाच्या विवराभोवती उभ्या असलेल्या राक्षसांना या गावाच्या बुरुजांची उपमा दिली आहे. त्यावरून बुरूज फार उंच होते, असे सर्रास म्हटले जाते. मूळ ओळी नीट पाहिल्या, तर राक्षस बेंबीपासून वरच दिसतात, खालचे धड काठाआड आहे. म्हणजे बुरूज तटाच्या वर डोकावत होते, एवढेच त्यातून निघते. किती वर, हे नाही. पुढे तोफांच्या काळात ते ठेंगणे केले गेले आणि विसाव्या शतकात काहींची डागडुजी करून उंची वाढवली गेली, असे सांगतात. त्यामुळे आज दिसणारी उंची जमेस धरून चालत नाही.

१५५४ मध्ये शिबंदीचा नायक जोव्हान्नी झेती याने न लढता गावाच्या किल्ल्या फ्लॉरेन्सच्या मेदिची या सत्ताधारी घराण्याच्या सैन्याच्या हवाली केल्या. पुढच्याच वर्षी सिएना पडले.

आत एक चौक, त्यात विहीर, सांता मारिया आस्सुंता हे चर्च, थोडी घरे आणि तटाच्या कडेने परसबागा. वेढ्याच्या दिवसांत याच बागांवर भागवावे लागे. तटाच्या काही भागावर तिकीट काढून चढता येते. दान्तेची उपमा मात्र तटावरून नव्हे, खालच्या रस्त्यावरून पाहताना उमगते. जुलैमध्ये येथे मध्ययुगीन वेशभूषेचा उत्सव भरतो.