माहीत आहे, पण नको

कुटुंबनियोजनाच्या पाहण्यांमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. प्रश्नावली घेऊन आलेली कार्यकर्ती एकेका साधनाचं नाव घेते, त्याचं ओळभर वर्णन वाचून दाखवते आणि विचारते, ‘याबद्दल कधी ऐकलंय का?’ बाई ‘हो’ म्हणाली की खूण होते आणि ते साधन तिला ‘माहीत आहे’ असं धरलं जातं. 1984 साली अमेरिकी सरकारच्या मदतीने सुरू झालेल्या आणि पुढे नव्वदच्या आसपास देशांत पोचलेल्या ‘डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे’ या पाहणीमालिकेने ही पद्धत रूढ केली. या मोजपट्टीने पाहिलं तर बऱ्याच गरीब देशांतही दहापैकी नऊ बायकांना एखादं तरी आधुनिक साधन माहीत असतं. दवाखाना लांब, रस्ता कच्चा, शाळा अर्धवट सुटलेली, तरी गोळ्या, निरोध, इंजेक्शन ही नावं कानावरून गेलेली असतात.

त्याच प्रश्नावलीत पुढे आणखी एक प्रश्न येतो: एका पाळीपासून दुसऱ्या पाळीपर्यंतच्या काळात गर्भ राहण्याची शक्यता जास्त असते, असे काही विशिष्ट दिवस असतात का? असतील तर कोणते? इथे गाडी अडते. कितीतरी देशांत निम्म्याहून कमी बायका बरोबर उत्तर देतात. ‘पाळी संपल्या संपल्या’ हे नेहमी मिळणारं चुकीचं उत्तर. दिवस मोजून संबंध टाळणाऱ्या, म्हणजे याच माहितीवर सगळी भिस्त असलेल्या बायकांपैकीही अनेकजणी चुकतात. खरं गणित असं की स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम दिवसभर टिकतं, पण शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणून बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असे सहा दिवस जोखमीचे. बीज सुटतं ते साधारणपणे पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी. पण पुढची पाळी कधी येणार हे आधी कोणाला ठाऊक? पाळी जरा मागेपुढे झाली की सगळा हिशेब कोलमडतो. शिकलेल्या शहरी लोकांना हे विचारून पाहा; उत्तरं फार वेगळी येतील असं मला वाटत नाही.

म्हणजे ‘ऐकलंय’ आणि ‘कळलंय’ यांत बरंच अंतर आहे. पण इथवर आलेले लोक लगेच एका निष्कर्षाला पोचतात: बायकांना नीट माहिती नाही, म्हणून त्या साधनं वापरत नाहीत, माहिती द्या, वापर वाढेल. मला हा निष्कर्ष अर्धवट वाटतो.

1950 आणि 60 च्या दशकांत ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण मोजणाऱ्या पाहण्यांची लाट आली. जवळपास सगळीकडून सारखंच चित्र आलं: बायका म्हणतात आता मूल नको, पण साधन मात्र वापरत नाहीत. या फटीला पुढे ‘न भागलेली गरज’ असं नाव मिळालं. गंमत अशी की ‘मला गरज आहे’ असं बाई कधीच म्हणालेली नसते. तिला दिवस राहू शकतात, पुढची निदान दोन वर्षं किंवा कधीच मूल नको आहे आणि ती काही वापरत नाही, एवढं जुळलं की संगणक तिला त्या रकान्यात टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2021 साली जगात अशा 16 कोटी 40 लाख बायका होत्या.

मग त्यांनाच विचारलं, का वापरत नाही? प्रजनन आरोग्यावर संशोधन करणाऱ्या गुटमाकर इन्स्टिट्यूटने 2016 साली 52 विकसनशील देशांतल्या पाहण्या एकत्र करून विवाहित बायकांची उत्तरं मांडली. 26 टक्के बायकांनी दुष्परिणामांची किंवा तब्येतीची भीती सांगितली. 24 टक्के म्हणाल्या, संबंधच क्वचित येतो. 23 टक्क्यांच्या बाबतीत विरोध होता, स्वतःचा किंवा जवळच्या कोणाचा. 20 टक्के म्हणाल्या, मूल अंगावर पितंय किंवा बाळंतपणानंतर पाळी अजून आलेली नाही. साधनं माहीतच नाहीत किंवा मिळतच नाहीत असं सांगणाऱ्या या मानाने थोड्या.

अंगावर पाजण्याचं कारण अडाणीपणाचं मुळीच नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त आईच्या दुधावर आणि आईची पाळी परत सुरू झालेली नाही, या तिन्ही अटी एकदम पुऱ्या होत असतील तर दिवस राहण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी असते. 1988 साली इटलीतल्या बेलाजिओ इथे जमलेल्या तज्ज्ञांनी तसं एकमताने नोंदवलं आहे. घोळ होतो तो अटींमध्ये. बाळाला वरचं सुरू झालं, सहा महिने उलटले, तरी ‘पाळी आली की बघू’ म्हणून बाई थांबते. बीज मात्र पाळीच्या आधी सुटतं. त्यामुळे बाळंतपणानंतरची पहिली पाळी न येताच पुन्हा दिवस राहू शकतात. क्वचित संबंधाचं उत्तरही, नवरा वर्षातले बरेच महिने कामासाठी बाहेर असेल, तर चांगलं हिशेबी आहे. तो महिनाभर घरी येतो तेव्हा काय करायचं, एवढंच त्यात राहून जातं.

आता दुष्परिणामांच्या भीतीकडे वळू. ही भीती ‘गैरसमज’ या एका शब्दात गुंडाळून ठेवण्याची सवय आरोग्य खात्यांना जगभर आहे. इंजेक्शनचंच उदाहरण घ्या. तीन महिन्यांतून एकदा घ्यायच्या या इंजेक्शनात प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक असतं. त्याने बीज सुटणं थांबतं आणि गर्भाशयाचं अस्तरही पातळ राहतं. सुरुवातीचे काही महिने अंगावरून अवेळी, थोडं थोडं जात राहतं. पुढे पाळी विरळ होत जाते आणि वर्षभर इंजेक्शन घेणाऱ्या जवळपास निम्म्या बायकांची ती पूर्ण बंद होते. अस्तर जाड झालंच नाही तर गळून पडायला उरतं काय? वैद्यकाच्या दृष्टीने यात काही बिघडलेलं नाही. पण पाळी म्हणजे आतली घाण निघून जाणं, असं जिथे पिढ्यानपिढ्या मानलं जातं तिथल्या बाईने काय समजायचं? रक्त येत नाही, म्हणजे ते आत साचतंय. मग डोकं दुखलं, पोट फुगलं, चक्कर आली, सगळ्याचं खापर त्या साचलेल्या रक्तावर फुटतं. तिचा तर्क चुकलेला नाही, ज्यावरून तो केला ती माहिती तिला कोणी दिलेली नाही. शिवाय पाळी चुकली की दिवस राहिले, असं ती आजवर समजत आली आहे. दर महिन्याला येणारी ती खूणच नाहीशी झाली तर जीव टांगणीला लागणारच.

‘इंजेक्शनने वांझपण येतं’ ही अफवा तर खंडोखंडी ऐकू येते. ते खरं नाही. पण शेवटचं इंजेक्शन घेतल्यापासून पुन्हा दिवस राहायला साधारण दहा महिने लागू शकतात, काहींना त्याहून जास्त. एखाद्या तरुण सुनेने इंजेक्शन बंद केलं आणि वर्ष होत आलं तरी तिची कूस उजवली नाही, हे सगळ्या वस्तीने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पुढे तिला मूल झालं ही बातमी तितक्या वेगाने पसरत नाही. तांबी ‘पोटात वर चढते’ हीसुद्धा ऐकीव भुताची गोष्ट नव्हे. बसवताना गर्भाशयाला छिद्र पडून तांबी बाहेर सरकण्याचा प्रकार साधारण हजारात एकदा घडतो. हजार बायकांनी तांबी बसवली असेल त्या टापूत ती एक गोष्ट पुरेशी होते. हृदयाकडे मात्र ती जात नाही, तशी वाटच शरीरात नाही.

अफवांकडे मी म्हणूनच जरा आदराने बघतो. जिथे दुष्परिणामांची नोंद ठेवणारी यंत्रणा नाही तिथे बायका ती नोंद बोलण्यातून ठेवतात. त्यात अतिशयोक्ती असते आणि तुलना नसते. तुलना कशी? संप्रेरकांच्या मिश्र गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो हे खरंच आहे: गोळ्या न घेणाऱ्या दहा हजार बायकांमध्ये वर्षाला 1 ते 5 जणींना हा त्रास होतो, घेणाऱ्यांमध्ये 3 ते 9 जणींना. पण गरोदरपणात तोच आकडा 5 ते 20 असतो आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत 40 ते 65 पर्यंत जातो. गोळीची भीती घालणारे ही दुसरी बाजू सांगत नाहीत आणि गोळी देणारे बहुधा पहिलीसुद्धा सांगत नाहीत.

सांगितलं तर काय होतं? मेक्सिकोच्या युकातान भागातल्या खेड्यांत इंजेक्शन सुरू करणाऱ्या 350 बायकांवर हे तपासलं गेलं. एका गटाला नेहमीसारखी जुजबी माहिती दिली. दुसऱ्या गटाला पाळीत काय काय बदल होतील, ते का होतील आणि कशाची काळजी करू नये, हे आधी आणि नंतरही नीट समजावलं. वर्षभरात पहिल्या गटातल्या 43 टक्के बायकांनी इंजेक्शन सोडलं, दुसऱ्या गटातल्या 17 टक्के जणींनी. दोन्हीकडे औषध एकच होतं आणि त्रासही तेच होणार होते.

आवडीलाही तेवढंच वजन आहे. इंडोनेशियातल्या पूर्व जावा भागातल्या एका अभ्यासात ज्या बायकांना त्यांनी मागितलेलं साधन मिळालं त्यांच्यापैकी 9 टक्के जणींनी वर्षभरात ते सोडलं. मागितलं एक आणि गळ्यात पडलं दुसरं, अशांपैकी 72 टक्क्यांनी. म्हणून न भागलेल्या गरजेच्या रकान्यातल्या सगळ्याजणी दाराबाहेरच उभ्या आहेत असं समजू नये. 34 देशांच्या आकडेवारीनुसार त्यातल्या 38 टक्के जणी कधीकाळी आधुनिक साधन वापरून बाहेर पडलेल्या आहेत. त्यांना पोस्टर दाखवून काय उपयोग?

दृष्टिकोन मोजणं तर आणखी अवघड. ‘पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता आली तर तुम्ही किती मुलं होऊ द्याल?’ असं विचारलं की काही बायका म्हणतात, देवाची मर्जी. प्रश्नावलीत अशा उत्तराला ‘आकडा नसलेलं उत्तर’ असा वेगळा सांकेतिक क्रमांक असतो आणि कार्यकर्तीने जरा खोदून आकडा काढावा अशी अपेक्षाही असते. पण मुलं दगावतात हे ज्या बाईने पाहिलंय तिला मुलांची संख्या ठरवून ठेवणं हा आगाऊपणा वाटू शकतो. जन्मलेली मुलं जगतील याची खात्री वाटू लागली की पाळणा लांबवण्याचं बोलणं आपोआप सोपं होतं. त्याआधी तिच्या ‘देवाची मर्जी’ला मागासलेपणा म्हणणं घाईचं होईल.

नवऱ्याचा विरोध हा आणखी एक ठरीव शब्द. झांबियातल्या लुसाका शहरात नावा अशरफ, एरिका फील्ड आणि जीन ली या अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला. इंजेक्शन आणि दंडात कातडीखाली बसवायची कांडी (इम्प्लांट) लवकर आणि फुकट मिळेल असं कूपन काही बायकांना एकटं गाठून दिलं, काहींना नवऱ्यासमोर. नवऱ्यासमोर कूपन मिळालेल्या बायका सेवा घ्यायला यायचं प्रमाण 19 टक्क्यांनी कमी निघालं आणि लपवता येणारं साधन वापरण्याचं प्रमाण 25 टक्क्यांनी. मग लपूनछपूनच दिलेलं बरं की काय? तर, ज्यांना एकटीला कूपन मिळालं होतं त्या बायकांचं मानसिक समाधान नंतर कमी भरलं. घरात एवढी मोठी गोष्ट लपवून ठेवण्याची किंमत असते आणि ती बाईच भरते. पुरुषांना या विषयात इतकं कमी विचारलं जातं की जगात स्त्रीनसबंदीवर अवलंबून असलेली जोडपी सुमारे 22 कोटी आणि पुरुषनसबंदीवरची दीड कोटीच्या आसपास, हे संयुक्त राष्ट्रांचे 2019 चे आकडे वाचून कोणाला धक्काही बसत नाही.

आडवळणाच्या भागात काम कसं करावं याचा एक जुना धडा बांगलादेशातल्या ‘मतलब’ नावाच्या ग्रामीण भागाचा आहे. 1975 मध्ये तिथे घरोघरी गोळ्या आणि निरोध वाटले. वापर झपाट्याने वाढला आणि ओसरलाही. 1977 मध्ये पद्धत बदलली. शिकलेल्या, लग्न झालेल्या, स्वतः साधन वापरणाऱ्या गावातल्याच तरुण बायका नेमल्या. त्या दर पंधरवड्याला दारात यायच्या, हवं ते साधन द्यायच्या आणि काही त्रास झाला तर दखल घ्यायच्या. दीड-दोन वर्षांत साधन वापरणाऱ्यांचं प्रमाण सात टक्क्यांवरून एकतृतीयांशाच्या आसपास गेलं. या काळात बायकांची मतं काही रातोरात बदलली नव्हती. त्रास झाला तर विचारायला कोणीतरी आहे, एवढं झालं होतं.

अलीकडे मलावीत इंजेक्शन बायकांच्याच हातात देऊन पाहिलं. कातडीखाली टोचायची, औषध आधीच भरलेली छोटी कुपी. शिकवलं की घरी स्वतः टोचता येते. वर्षभर खंड न पाडता इंजेक्शन घेणाऱ्या बायका स्वतः टोचणाऱ्यांच्या गटात 73 टक्के होत्या, आरोग्यसेवकाकडून घेणाऱ्यांच्या गटात 45 टक्के. दर तीन महिन्यांची पायपीट वाचली आणि ‘आज औषध संपलंय, पुढच्या आठवड्यात या’ हे ऐकणंही वाचलं.

दंडातल्या कांडीची गोष्ट याच्या उलट आहे. परिणामकारक म्हणून ती पहिल्या नंबरात, हजारात एखादीलाच दिवस राहतात. पण गोळी बाईला मनाला येईल तेव्हा बंद करता येते, कांडी काढायला मात्र दवाखान्यातच जावं लागतं. तिथे ‘अजून मुदत संपली नाही, थोडी कळ काढ’ म्हणून परत पाठवल्याचे अनुभव आफ्रिकेतल्या अनेक अभ्यासांत बायकांनी सांगितले आहेत. पुढच्या पाहणीत अशी बाई भेटली तर कार्यकर्ती ‘सध्या साधन वापरते’ या पर्यायापुढे खूण करते आणि ती गरज भागलेल्यांत मोजली जाते. साधन देताना नीट माहिती दिली का, हे पाहायला पाहण्यांत पूर्वी तीन प्रश्न होते: दुसरी साधनं सांगितली का, त्रास काय होऊ शकतो ते सांगितलं का, झाला तर काय करायचं ते सांगितलं का. नंतर त्यात चौथा घातला गेला: हे नको वाटलं तर दुसरं घेता येईल, असं सांगितलं का?