टेलनेटच्या ओळींतून उमटलेला पट

पडद्यावरचा घोडा बोटाने उचलून ठेवला की आज खेळी पोहोचते. जानेवारी १९९२ मध्ये मायकेल मूर आणि रिचर्ड नॅश यांचा इंटरनेट चेस सर्व्हर, म्हणजे खेळाडूंना जोडून डाव चालवणारे मध्यवर्ती यंत्र, सुरू झाला, तेव्हा तीच खेळी टेलनेटमध्ये, म्हणजे दूरच्या यंत्राशी मजकुराने बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टंकून एंटर दाबावे लागे आणि उत्तरादाखल अक्षरे, अधिकचिन्हे आणि आडव्या रेघांनी आखलेला पट पडद्यावर उमटे. पुढच्या खेळीला तो वर सरके आणि खाली नवा पट छापला जाई. बुद्धिबळाचे ॲप आज बसवताना ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बऱ्याच या काळातून आलेल्या आहेत. म्हणून हा इतिहास ठाऊक असावा.

चित्ररूप पटाचा उगम मात्र सर्व्हरच्याही आधीचा. क्रिस सिअर्स आणि डॅन सिअर्स यांनी युनिक्स प्रणालीवरच्या एक्स विंडो या खिडक्यांच्या व्यवस्थेसाठी एक्सबोर्ड लिहिला तो ग्नू चेस या संगणकी खेळाडूला खिडकी मिळावी म्हणून. पुढे टिम मान यांनी तो हाती घेतला, सर्व्हरशी जोडला आणि विंडोजसाठी विनबोर्ड तयार केला. सर्व्हरची बोली मात्र मजकुराचीच राहिली, आणि क्लायंट, म्हणजे खेळाडूच्या यंत्रावरचा असा पटाचा प्रोग्रॅम, तिचा दुभाष्या झाला. तुम्ही घोडा जी१ वरून एफ३ वर सरकवता, क्लायंट त्या घरांची नावे सर्व्हरला लिहून पाठवतो.

उलट दिशेने येणारी ओळ जवळून पाहण्यासारखी आहे. सर्व्हरला ‘स्टाइल १२’ मागितली की प्रत्येक खेळीनंतर एकच लांबलचक ओळ येते. आधी ८ अक्षरांचे ८ गट, म्हणजे पटाच्या ८ ओळी, काळ्याच्या बाजूपासून सुरू. पांढऱ्याची मोहरी मोठ्या अक्षरांत, काळ्याची लहान, रिकाम्या घरी आडवी रेघ. मग पाळी कोणाची ते अक्षर. शेवटच्या खेळीत प्यादे २ घरे पुढे गेले असेल तर त्याच्या स्तंभाचा आकडा, नसेल तर उणे १. किल्लेकोटाचे ४ हक्क ० किंवा १ ने. पुढे डावाचा क्रमांक, खेळाडूंची नावे, दोघांचा उरलेला वेळ आणि शेवटची खेळी. मध्येच एक आकडा सांगतो की पाळी तुमची आहे (१), समोरच्याची आहे (उणे १) की तुम्ही नुसते प्रेक्षक आहात (०). मोहरी हलत नसली तर आधी हाच विचार करावा: क्लायंटच्या लेखी तुम्ही प्रेक्षक असू शकता.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, ते मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत. गोवा त्या पहिल्या यादीत नव्हता. त्या काळचे स्वस्त खाते म्हणजे शेल खाते: मोडेमने फोन लावायचा आणि दूरच्या युनिक्स यंत्रावर फक्त मजकूर पाहायचा. चित्रांसाठी महागडे टीसीपी-आयपी खाते लागे. तरीही शेल खात्यावर पट रंगवायची सोय एक्सबोर्डमध्ये होती. ‘आयसीएसकॉम’ पर्यायात मोडेमचे पोर्ट द्यायचे, हाताने लॉगिन करून तिथून सर्व्हरला टेलनेट करायचे, की मजकुराच्या त्या प्रवाहातून क्लायंट पटाच्या ओळी उचलून घेई. तुटपुंज्या जोडणीवर खेळणाऱ्यांचा इतका विचार करणारे सॉफ्टवेअर आजही क्वचित दिसते.

खरी डोकेदुखी घड्याळाची होती: सर्व्हर अमेरिकेत, आणि खेळी तिथे ये-जा करेपर्यंत खेळाडूचा वेळ जाई. गोव्यापासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे सरळ अंतर सुमारे १३ हजार किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान ०.१३ सेकंद. केबलचे वळसे आणि वाटेतली यंत्रे धरून पाव सेकंद समजा. ४० खेळ्यांत १० सेकंद विचार न करताच गेले. एका मिनिटाच्या डावात तो सहावा हिस्सा होतो. डॅनियल स्लीटर यांनी १९९२ मध्येच सर्व्हर हाती घेऊन यावर तोड काढली: खेळाडूच्या यंत्रावरचा छोटा प्रोग्रॅम प्रत्येक ओळीवर वेळेचा शिक्का मारतो, आणि सर्व्हर फक्त विचाराचा वेळ कापतो. १९९५ मध्ये तो सर्व्हर वर्गणीदारांचा इंटरनेट चेस क्लब झाला. ते न पटलेल्यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये विनामूल्य फ्री इंटरनेट चेस सर्व्हर उघडला. त्यांच्या शिक्क्याच्या प्रोग्रॅमचे नाव टाइमसील.

हा जुना मार्ग आजही चालून पाहता येतो. उबुंटू लिनक्सवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल एक्सबोर्ड’ एवढ्याने क्लायंट बसतो. त्याला सर्व्हर म्हणून फ्रीचेस डॉट ऑर्ग आणि पोर्ट (सर्व्हरवरच्या जोडणीच्या दाराचा क्रमांक) ५००० द्यावे. विंडोजवर विनबोर्ड सुरू होतानाच विचारतो की इंजिनाशी खेळायचे, सर्व्हरवर जायचे की नुसते डाव पाहायचे. तिथे दुसरा पर्याय घ्यावा. नावाच्या जागी ‘गेस्ट’ लिहून एंटर दाबले की पाहुणा म्हणून प्रवेश मिळतो, पण त्या डावांचे रेटिंग होत नाही. ‘सीक १५ ५’ म्हणजे १५ मिनिटे आणि दर खेळीला ५ सेकंद अशा डावाची हाक.

गाडी अडते ती बहुधा तीन ठिकाणी. टाइमसीलची जुनी ३२ बिट फाइल ६४ बिट लिनक्सवर चालवली की ‘फाइल सापडली नाही’ असा संदेश येतो. फाइल जागेवरच असते. सापडत नाही तो तिला सुरू करून देणारा ३२ बिट लोडर प्रोग्रॅम. दुसरे, कॉलेज किंवा कार्यालयाच्या जाळ्यात पोर्ट ५००० बंद असते. तिसरे सर्वांत फसवे: डाव बघत गप्प बसलात तर मोबाइलचे जाळे किंवा राउटर जोडणी निमूट सोडून देतो आणि पट जिथल्या तिथे गोठतो. यावर ‘कीप अलाइव्ह’ पर्यायात मिनिटांचा आकडा भरावा. दर तेवढ्या मिनिटांनी क्लायंट स्वतःहून ‘डेट’ ही आज्ञा पाठवतो आणि तार जिवंत राहते. टेलनेटवर पासवर्ड उघडा जातो, तेव्हा बँकेचा पासवर्ड इथे मुळीच वापरू नये.

ब्राउझरमधला पट आला तसे बसवणे संपले. २०११ मध्ये ब्राउझर आणि सर्व्हरमधली जोडणी उघडी ठेवणाऱ्या वेबसॉकेटचे मानक ठरले आणि पान पुन्हा न उघडता खेळी ये-जा करू लागली, तीही नेहमीच्या सुरक्षित वेबच्या ४४३ पोर्टवरून. २०१० मध्ये तिबो द्युप्लेसी यांनी सुरू केलेले लीचेस हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ आज याच वाटेने चालते. लॅगची, म्हणजे खेळी पोहोचण्यातल्या विलंबाची, भरपाई आता सर्व्हर स्वतः करतो, पण मर्यादेतच. गोव्यातल्या काणकोण किंवा सत्तरीत पावसाळ्यात वीज गेली आणि रेंज तुटली, तर घड्याळ चालूच राहते.

हे अव्वल स्पर्धेतही घडले. ३० ऑगस्ट २०२० ला ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम फेरीत जागतिक इंटरनेट बिघाडामुळे निहाल सरीन आणि दिव्या देशमुख यांची जोडणी तुटली आणि दोघांची वेळ संपली. भारताने दाद मागितल्यावर फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष अर्काडी द्वोरकोविच यांनी भारत आणि रशियाला संयुक्त विजेते जाहीर केले. त्या भारतीय संघात गोव्याच्या भक्ती कुलकर्णी होत्या. फ्री सर्व्हरवर नोंदणीकृत खेळाडूचा तुटलेला डाव मात्र स्थितीसह जपून ठेवला जातो. दोघे पुन्हा आले आणि एकाने ‘मॅच’ म्हटले, की अर्धा डाव राहिलेल्या घड्याळासह पुढे सुरू होतो.